सूपनंतरची धून

साळवे गेले त्याला चार महिने होत आले, तरी मंदाकिनीबाई रडल्या नव्हत्या. याची काळजी त्यांच्यापेक्षा इतरांनाच जास्त होती. धाकटी बहीण शैला दर रविवारी डबा घेऊन वाघोलीला त्यांच्या दोन खोल्यांत यायची आणि समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची, गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे बघावं तशी. ताई, एकदा मोकळी हो, असं म्हणायची. मंदाकिनीबाई म्हणायच्या, "मोकळीच आहे. काम कुठे आहे मला?" आणि डबा रिकामा करून घासायला घ्यायच्या.

खरं सांगायचं तर त्यांना काही होतच नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल जागेवर असतो, पण आपला वाटत नाही, तसं झालं होतं. भूक लागायची, झोप यायची, दूधवाल्याशी हुज्जतही व्हायची. फक्त आतून कोणी ओ देत नव्हतं.

साळव्यांचं नाव सीताराम. पण बँडमध्ये सगळे त्यांना साळवेच म्हणत, म्हणून लग्न झाल्यावरही मंदाकिनीबाई साळवेच म्हणत राहिल्या. सासूबाईंना ते शेवटपर्यंत रुचलं नाही. दोन्ही घरं छप्पन्न सालानंतर बौद्ध झालेली. साळवे लहानपणी मामाच्या बँडमध्ये लग्नाच्या वरातींत क्लॅरिनेट वाजवायचे. पुढे लष्करी बँडातून निवृत्त झालेल्या एका मास्तरांनी त्यांच्या हातात सॅक्सोफोन दिला. मंदाकिनीबाईंचे वडील खडकीच्या कारखान्यात. मिशनच्या शाळेत प्रार्थनेला पियानो वाजवायला एक मुलगी हवी होती आणि हिची बोटं लांब होती, एवढ्यावर त्यांचं आयुष्य ठरलं. विसाव्या वर्षी त्या कॅम्पातल्या एका हॉटेलच्या बँडमध्ये पियानोवर बसल्या. साडी नेसलेली पियानोवाली म्हणून लोक मुद्दाम बघायला यायचे.

तेव्हा जॅझ म्हणजे पाय हलतील एवढंच. शनिवारी लष्करातले अधिकारी बायकांना घेऊन यायचे, पारशी कुटुंबं यायची, आणि लाकडी फरशीवर सगळे गोल गोल फिरायचे. मग साळव्यांनी मुंबईहून एक रेकॉर्ड आणली. तिच्यात सॅक्सोफोन जीव मुठीत धरून पळत होता. साळवे महिनाभर ते पळणं शिकले आणि एका शनिवारी त्यांनी ते हॉटेलात वाजवलं. नाचणारी जोडपी मध्येच थांबली आणि एकमेकांचे हात धरून नुसती उभी राहिली. पुढे काही वर्षांनी दुसरी तऱ्हा आली, कमी सुरांची, जणू बोलायचा कंटाळा आलेला माणूस. त्यानंतर एकाच सुरावलीवर पंधरा-पंधरा मिनिटं बसायची तऱ्हा आली. ते ऐकून साळवे म्हणाले, हे तर आपल्या गवयांचंच आहे, फक्त बूट घालून. मग विजेचा पियानो आला, ड्रम मोठ्याने वाजू लागले, कोणी सॅक्सोफोनशेजारी तबला मांडू लागलं. प्रत्येक नव्या तऱ्हेला साळव्यांनी घरात घेतलं. मंदाकिनीबाईंनी प्रत्येकीला साथ केली.

मग गच्च्यांवर ताटल्या आल्या, घराघरांत परदेशी वाहिन्या आल्या, आणि हॉटेलने लॉबीत कारंजं बसवलं. नवा मॅनेजर तरुण होता, नम्र होता. हल्ली पाहुण्यांना बॅकग्राउंड हवं असतं, असं तो म्हणाला. साळवे म्हणाले, "आम्ही इतकी वर्षं तेच होतो." त्यांच्या जागी काळ्या रंगाचा सीडी प्लेअर आला. नंतर दोघांनी मुलांच्या शिकवण्या केल्या. वाघोलीत भाडं कमी म्हणून तिकडे गेले, आणि आजूबाजूला इमारती उठल्या तशी शिकवण्यांना मुलंही मिळत गेली.

या सगळ्यावर पडदा पडला असं वाटत असताना शैलाची मुलगी चैताली खराडीच्या एका कंपनीत लागली आणि बास गिटार वाजवू लागली. तिच्यासोबत ड्रमवर साई आणि लॅपटॉपवर समाधान. समाधान यवतमाळकडचा, दिवसभर कंपनीत प्रोग्रॅम लिहायचा आणि संध्याकाळी त्याच यंत्रातून आवाज काढायचा. हे तिघं जे वाजवायचे त्यालाही जॅझच म्हणत. त्यात सात सात ठोक्यांची घरं असायची. सत्तरीत पोचलेले साळवे पहिल्या दिवशी बोटांवर मोजत बसले आणि मग हसून म्हणाले, अगं, हा तर आपला रूपक ताल. दोन वर्षं ते त्या पोरांबरोबर दर शनिवारी वाजवत होते. मंदाकिनीबाई कीबोर्डवर साथीला. मग एका सकाळी दाढीचा साबण तोंडाला लावलेला असतानाच साळवे खाली बसले, आणि उठले नाहीत.

कॅम्पातल्या एका हॉलमधला कार्यक्रम आधीच ठरलेला होता. चैतालीने तो रद्द करायचा नाही असं ठरवलं. काकांच्या नावाने करू म्हणाली. त्यात साळव्यांची स्वतःची एक धून होती. तिला नाव असं नव्हतंच. हॉटेलात सूपच्या प्लेटा उचलायच्या वेळी वाजवायची, म्हणून बँडवाले तिला सूपनंतरची म्हणायचे. प्रश्न एवढाच होता, की त्या धुनेच्या मधोमध साळव्यांचं एकट्याचं बत्तीस बारांचं आवर्तन होतं. बार म्हणजे चार ठोक्यांचं एक घर. त्या बत्तीस घरांत आता कोण राहणार?

त्यावर समाधानने तोडगा काढला होता. चैताली जन्मली त्या वर्षी मंदाकिनीबाई शैलाच्या बाळंतपणाला नगरला गेल्या होत्या. घरी एकटे पडलेल्या साळव्यांनी ही धून टेपरेकॉर्डरसमोर वाजवून ठेवली होती. ती कॅसेट समाधानने लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली. एका शनिवारी चैतालीच्या खराडीच्या घरी त्याने मंदाकिनीबाईंना समोर बसवलं आणि केलेलं काम ऐकवलं.

सॅक्सोफोनचा एक तुकडा आला, तोच पुन्हा आला, तोच पुन्हा. खाली नवे ड्रम. मग दुसरा तुकडा, अर्ध्या वेगाने, विहिरीतून यावा तसा. वाईट नव्हतं. साळव्यांनीसुद्धा मान डोलावली असती. मंदाकिनीबाई ऐकत राहिल्या आणि त्यांना नेहमीप्रमाणे काहीच वाटलं नाही. फक्त कुठेतरी काहीतरी कमी होतं.

"यांचा श्वास कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

"तो नॉइज होता काकू. साफ केला मी," समाधान म्हणाला. मग त्यांचा चेहरा बघून समजावू लागला, की आता जगभर असंच चालू आहे. जुन्या वादकांचे तुकडे घ्यायचे, फिरवायचे, त्यावर नवं बांधायचं. "जुन्याला मान देऊन राहिलो ना आपण."

"मान देताना कापायची पद्धत नवीन दिसते," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

चैतालीने ओठ चावला. साई ड्रमच्या काठ्या पुसू लागला. मंदाकिनीबाईंना राग आला होता असं नाही; राग यायलाही आत कोणी असावं लागतं. पण साळव्यांना भाजीसारखं चिरलेलं त्यांना नको होतं. एवढं एकच त्यांना गेल्या चार महिन्यांत स्वच्छ कळलं होतं.

"ती जागा मी वाजवीन," त्या म्हणाल्या.

पोरं एकमेकांकडे बघू लागली, त्याला कारण होतं. मावशीने जन्मात कधी एकटीने वाजवलं नव्हतं, हे चैतालीला आईकडून माहीत होतं. बँडमध्ये एकाचं आवर्तन संपलं की तो मानेने पुढच्याला पाळी द्यायचा. पहिल्या वर्षी साळव्यांनी दोन-तीनदा पियानोकडे मान वळवली. मंदाकिनीबाईंनी नुसतं नाही म्हटलं. तेव्हापासून पाळी पियानोला ओलांडून ड्रमरकडे जायची, शेजारच्याला वगळून पंगतीत वाढत जावं तशी. त्याचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं. मी साथीची, असं त्या म्हणायच्या, आणि सांगण्यात कुठे दुखरेपणा नसायचा.

"मावशी, नक्की?" चैतालीने विचारलं.

"नाही जमलं, तर याचे तुकडे लावा पुढच्या वेळी. मी काही बोलायची नाही."

असा शब्द ठरला.

त्यानंतरचे दिवस मंदाकिनीबाई रोज दुपारी कानाला हेडफोन लावून कीबोर्डवर बसत. डाव्या हाताला काही सांगावं लागत नव्हतं. तो चाळीस वर्षं त्याच रस्त्याने जात होता. उजवा हात सूर शोधायचा. सूर सापडायचे, बरोबरही असायचे. शिकवणीला येणारी मुलं वाजवतात तसे, बरोबर. शैला एका रविवारी ऐकून म्हणाली, छान वाजतंय की. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "छान वाजतंय, हीच अडचण आहे." पण माघार घ्यावी असं त्यांच्या मनात आलं नाही. वाजवलं नाही तर चिरफाड, हे त्यांच्यापुढे स्पष्ट होतं.

कॅम्पातला तो हॉल छोटा, उंच खिडक्यांचा. खुर्च्या भरल्या होत्या. बरीचशी खराडीची पोरं, आणि मागे जुन्या दिवसांतली चार-पाच पांढरी डोकी. सूपनंतरची धून सुरू झाली. मुखडा चैतालीने बासवर वाजवला. ठरल्याप्रमाणे मुखड्यानंतर बास थांबला, ड्रम थांबले, समाधानने लॅपटॉपवरचे हात काढून मांडीवर ठेवले. सगळ्यांनी मंदाकिनीबाईंकडे मान वळवली.

त्यांनी सुरू केलं. डावा हात पडला, उठला. मग थोडी वाट बघून पुन्हा पडला. त्यांना वाटलं, बरं चाललंय. नेहमीसारखं चाललंय. कुठे दोन सूर हलके, कुठे नुसतीच मोकळी जागा, पुढच्याला वळता यावं म्हणून. मध्ये एके ठिकाणी साळवे वरच्या सुरावर थांबायचे, तिथे त्याही थांबल्या. हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येत होता. शेवटचा बार आला, साईने काठी उचलली, मुखडा परत सुरू झाला, आणि तेव्हा मंदाकिनीबाईंना आपला उजवा हात दिसला. तो मांडीवर होता. पूर्ण आवर्तनभर तो तिथेच होता. बत्तीस बार त्यांनी साथ केली होती, आणि वाजवणारं कोणी नव्हतं.

टाळ्या थांबेनात. मागची पांढरी डोकी उभी राहिली. कार्यक्रमानंतर जाड चष्म्याचे एक गृहस्थ येऊन म्हणाले, की रिकाम्या जागेचा असा वापर त्यांनी परदेशातल्या अगदी नव्या वादकांकडेच ऐकला होता, आणि एवढं धाडस या वयात!

"चुकलं माझं," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

गृहस्थ हसले आणि त्यांनी वाकून नमस्कार केला.

पुढच्या शनिवारी चैताली आणि साई फुलून आले होते. खराडीला एका कंपनीच्या हिरवळीवर दुपारचा कार्यक्रम मिळाला होता, आणि तिथे मावशीने अगदी तेच करायचं होतं. चैतालीने तर त्याला इंग्रजी नावही शोधून ठेवलं होतं. मंदाकिनीबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. एकदा हातून घडलं ते ठीक. पण तेच उद्या ठरवून, लोकांनी बघावं म्हणून, रिकाम्या खुर्चीला साथ करायची? हे म्हणजे दर महिन्याला बोलावून आणलेलं सुतक.

"मी तसं पुन्हा वाजवणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि मला जमलंही नाही. शब्द होता. समाधान, तुझं लाव."

समाधान त्या दोघांच्या आनंदात मुळीच सामील झाला नव्हता. तो खुर्ची जवळ ओढून बसला.

"काकू, खरंच चुकलं होतं का?"

"हात वर गेलाच नाही रे."

त्याने बराच वेळ लॅपटॉपचं झाकण नखाने खरवडलं. मग म्हणाला, की मूळ टेप त्याने मोडलेली नाही, ती अख्खी आहे. अख्खी लावावी असं त्यालाही वाटलं होतं, पण खाली यंत्राचा ताल बसेना. "काका ठोक्यावर नाहीतच. कुठे मागे, कुठे पुढे. त्यांच्याबरोबर जायला माणूस लागते. म्हणून मी तुकडे केले, खरं सांगू का तर."

"श्वासासकट आहे?"

"सगळं आहे. शेवटी कुकरची शिट्टीपण आहे."

"मग लाव की. साथीला मी आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि कीबोर्डकडे वळल्या.

चैतालीने बास बाजूला ठेवला.

समाधानने टेप लावली. आधी खरखर, मग एक लांब श्वास, मग साळवे. तीस नाही म्हटलं तरी पंचवीस वर्षांपूर्वीचे, दातांची फळी शाबूत असलेले. मंदाकिनीबाईंचे हात आपोआप सुरू झाले. चोवीस बार व्यवस्थित गेले. मग शेवटच्या आठात साळवे पळू लागले. ही त्यांची खोड सबंध कॅम्पाला माहीत होती. घर जवळ आलं की टांगेवाल्याच्या घोड्याने पळावं तसे शेवटी ते पळायचे. हॉटेलात अशा वेळी मंदाकिनीबाई चपलेच्या टोकाने पियानोच्या लाकडावर एक ठोका द्यायच्या, आणि साळवे तिरप्या नजरेने बघून परत चालीवर यायचे. आताही त्यांचा पाय पुढे गेला. कीबोर्डला लाकूड नव्हतं. साळवे पळत राहिले. त्या मागे धावल्या, दोन सूर एकमेकांवर आदळले आणि सगळं विस्कटलं. टेपमध्ये कुकरची शिट्टी झाली.

साईने हळूच खिडकी उघडली. चैताली पाठमोरी होऊन डोळे पुसत होती. मंदाकिनीबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना जरासा हेवा वाटला.

समाधानने दोनदा ती जागा परत लावली, दोन्हीदा तेच झालं. मग तो पडद्यावरच्या आडव्या रेषेकडे बोट दाखवून दबकत म्हणाला, "काकू, कापत नाही. फक्त शेवटचे आठ बार थोडे मागे ओढतो. एवढुसे. कोणाला समजणार नाही."

मंदाकिनीबाईंनी त्या रेषेकडे बघितलं. डोंगराची रांग असावी तसा साळव्यांचा आवाज तिथे पडून होता. ओढता आला असता. साळवे बायकोच्या चालीने चालले असते, आयुष्यात पहिल्यांदा, न बजावता. आणि मग पुढच्या महिन्यात आणखी थोडं कुठेतरी नीट केलं असतं. मग श्वास. मग शिट्टी.

"नको," त्या म्हणाल्या. "पळू दे त्यांना."

"मग तुम्ही?"

"माझं मी बघते."

खराडीच्या त्या हिरवळीवर दुपारी कडक ऊन होतं आणि मांडवाखाली सावली. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलंमुली प्लेटा घेऊन उभी होती; निम्मी बोलत होती, निम्मी ऐकत होती. मंदाकिनीबाईंनी समाधानला सांगून स्पीकर पुढून उचलायला लावला आणि आपल्या डाव्या खांद्यामागे, माणसाच्या उंचीवर ठेवायला लावला. तिथून नीट ऐकू जाणार नाही, असं साईचं म्हणणं होतं. "ज्यांना ऐकायचंय ते पुढे येतील," त्या म्हणाल्या.

मुखडा झाला. बास थांबला, ड्रम थांबले. मागून श्वास आला. मंदाकिनीबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. पूर्वीही पाहायच्या नाहीत. डावा हात पडला, उजवा त्याच्या सोबतीला गेला. प्लेटा थोड्या कमी वाजू लागल्या. एक मुलगी घास हातात धरून पुढे येऊन उभी राहिली. आठ बार, सोळा, चोवीस. साळवे वरच्या सुरावर थांबले, खाली उतरले, आणि पळू लागले.

त्यांचा पाय हलला नाही. बोटंही घाईला आली नाहीत. एकेक सूर जिथे पडायचा तिथेच त्या ठेवत गेल्या, आणि साळवे त्यांच्यापासून लांब गेले. आधी अर्धा ठोका, मग एक, मग तीन, मग बारच्या बार. लोकांना ते चुकल्यासारखं ऐकू येत असेल. साईने घाबरून समाधानकडे बघितलं, समाधानने मानेने नको म्हटलं. मंदाकिनीबाईंना लांब जाणारा तो आवाज शांतपणे ऐकू येत होता. त्याला हाक मारावी असं वाटलं नाही. रडू आलं नाही. फक्त हे जातायत, एवढं कळत होतं, आणि ते चार महिन्यांत पहिल्यांदाच कळत होतं.

साळव्यांची धून संपली. कुकरची शिट्टी झाली, तशी कोणीतरी हसलं. टेप थांबली.

मंदाकिनीबाईंचे अजून दोन बार बाकी होते. त्यांनी ते वाजवले.